परत मागवलेल्या बारा काठ्या

कातारी काका लंगडत नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्यांच्या गल्लीत नव्याने राहायला येणाऱ्याची पहिल्याच दिवशी फसगत होते. सकाळी दहाच्या सुमाराला साठी ओलांडलेला, काटक, मिशीत भुसा अडकलेला एक गृहस्थ काठी टेकत, उजवा पाय ओढत कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत जातो, खांबाला वळसा घालतो आणि तसाच ओढत परत येतो. नवा भाडेकरू हळहळतो. अर्ध्या तासाने तोच गृहस्थ टेम्पोतून लाकडाचे ओंडके खांद्यावर घेऊन उतरवताना दिसतो, तेव्हा हळहळणाऱ्याला आपली हळहळ कुठे ठेवावी ते कळत नाही.

काका लेथवर लाकूड कातून हातात धरायच्या काठ्या बनवतात. म्हाताऱ्या माणसांच्या, गुडघे गेलेल्यांच्या, ऑपरेशनमधून उठलेल्यांच्या. काठी दुकानातून बाहेर पडण्याआधी तिच्यावर आपला सगळा भार टाकून खांबापर्यंत जाऊन यायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. लंगडल्याशिवाय काठीवर खरा भार पडत नाही आणि भार पडल्याशिवाय काठी बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. मुठीचा सांधा कच्चा असला की काठी चालताना बारीक चिरकते. ते ऐकायला कान खाली लावून चालावं लागतं, त्यामुळे लंगडा माणूस वर थोडा बहिराही वाटतो.

"एवढं मन लावून लंगडायला शिकलात," काकू म्हणतात, "तेवढ्या वेळात स्वयंपाक शिकला असतात."

मुठींना पॉलिश करायचं काम काकूंचं. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. त्यामुळे घरात काका, काकू आणि सून. सून दुपारच्या पाळीला चष्म्याच्या दुकानात जाते आणि सकाळी सासऱ्यांच्या काठ्या फोनवरून विकते. ही कल्पना तिचीच. तिने काठ्यांचे फोटो काढले, ऑनलाइन दुकान थाटलं, आणि पहिल्या महिन्यात दोन काठ्या विकल्या गेल्या. त्यातली एक तिच्या मावशीने घेतली होती.

"लोकांना हातात धरून बघता येत नाही ना बाबा," सून म्हणाली. "म्हणून घाबरतात. आपण गॅरंटी देऊ. तीस दिवस वापरा, नाही आवडली तर परत पाठवा, सगळे पैसे परत. कारण विचारणार नाही."

"कारण का नाही विचारायचं?" काका म्हणाले. "मग माझं काय चुकलं ते मला कळणार कसं?"

"तसंच लिहायचं असतं. सगळे तसंच लिहितात."

"तीस दिवस वापरून परत," काकू मुठीवर फडकं फिरवत म्हणाल्या. "आमच्या वेळी नव्हती अशी सोय." आणि काकांकडे बघून पुन्हा फडकं फिरवू लागल्या.

गॅरंटी लागली आणि काठ्या खपायला लागल्या. आठवड्याला दोन, मग चार, मग एका आठवड्यात एकदम बारा. घरात आनंद झाला. काका रात्रीच्या जेवणाला गुणगुणायला लागले, हे लक्षण काकूंनी लग्नाच्या वर्षानंतर पहिल्यांदाच पाहिलं. लेथची मोटर बदलायची बोलणी सुरू झाली.

त्यानंतर पाचव्या आठवड्यात एका सकाळी कुरिअरवाल्याने एक लांबोळकं खोकं आणून दिलं. पहिली परत आलेली काठी.

काकांनी खोकं उघडलं. बुडाशी तापल्या सळईने डागलेला नंबर होता, सदुसष्ट. काठी नवीच्या नवी दिसत होती. ओरखडा नाही, डाग नाही.

"का परत केली?"

"विचारायचं नाही असं ठरलंय बाबा."

"मी कुठे त्यांना विचारतोय? मी काठीला विचारतो," असं म्हणून काका सदुसष्ट नंबर घेऊन लंगडत बाहेर पडले.

खांब अजून वीस पावलांवर होता तेव्हा काठी बोलली. अगदी बारीक, बंद दाराआड कोणी काडी मोडावी तसं. काका जागच्या जागी उभे राहिले. पुन्हा भार टाकला. पुन्हा तोच आवाज. काका वळले आणि दोन्ही पायांनी धडधडीत चालत परत आले. दारातून बघणाऱ्या काकूंना तिथेच कळलं की काहीतरी बिनसलंय, कारण अर्ध्या वाटेवर लंगडणं सोडलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

काकांनी मूठ पकडीत आवळून स्क्रू काढला. काठीत मुठीच्या खाली मानेसारखा जो बारीक भाग असतो, तो उभा चिरला. आत केसासारखी एक चीर होती. वरून पॉलिशखाली झाकलेली, आत बोटाच्या पेराएवढी.

"भोक बारीक आहे," काका म्हणाले.

मग त्यांना आठवलं. त्या बारा काठ्यांच्या आठवड्यात ड्रिलचा नेहमीचा बिट मोडला होता. बाजारात जायला वेळ नव्हता म्हणून एक नंबर बारीक बिट लावून भोकं पाडली आणि स्क्रू जोर करून आत बसवले. तंग भोकात जाडा स्क्रू म्हणजे लाकूड आतून फाटणार, हे लेथवर पहिल्या महिन्यात शिकतात.

"पण तुम्ही चालवून बघितल्या होत्या ना सगळ्या?" सुनेने विचारलं.

काका स्टुलावर बसले.

"दोन दोन," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"बारा होत्या. घाई होती. दोन्ही हातांत एकेक घेऊन गेलो. सहा फेऱ्यांत काम उरकलं." काकांनी दोन्ही हात पुढे करून पाहिले. "दोन काठ्यांवर भार अर्धा अर्धा पडतो. आणि दोन काठ्यांची टकटक असली की बारीक आवाज ऐकू येत नाही."

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती काही सुरू होत नव्हती.

"तुटेल का बाबा?"

"आज नाही तुटली तर उद्या. रोज थोडी थोडी उघडत जाणार. आणि तुटेल ती भार असतानाच तुटेल. भार नसताना कशाला तुटेल?"

एकसष्ट ते बहात्तर. सदुसष्ट परत आली. अकरा काठ्या अकरा माणसांच्या हाताखाली होत्या, आणि त्यातलं एकही माणूस असं नव्हतं की ज्याला पडून चाललं असतं.

सुनेने यादी काढली. "सात जणांचे तीस दिवस होऊन गेलेत," ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला स्वतःलाच ते नकोसं वाटलं असावं, कारण पुढच्याच क्षणी तिने चष्म्याच्या दुकानात फोन लावून आज येत नाही म्हणून सांगितलं.

"तीस दिवस कागदाला," काका म्हणाले. "लाकडाला कोण सांगणार? लाव फोन."

पहिला फोन काकांनीच केला. "नमस्कार. तुम्ही आमच्याकडून काठी घेतली होती. तुमचे पैसे परत द्यायचे आहेत."

पलीकडून फोन ठेवला गेला.

दुसरा फोन. "नमस्कार, तुम्हाला तुमचे सगळे पैसे परत..."

"आता ओटीपी मागणार ना?" पलीकडचा माणूस अगदी आरामात म्हणाला. "मागा, मागा. मी वाट बघतोय."

"ओटीपी नको हो. तुमची काठी..."

"कालच्याने लॉटरी लागली सांगितलं होतं. तुम्ही काठी म्हणताय. नवीन आहे, आवडलं." आणि फोन बंद.

तिसऱ्या घरी एका बाईने पोलिसांत नोकरीला असलेल्या दिराला बोलावते असं सांगितलं. काका म्हणाले, बोलवा, त्यांनाच सांगतो. त्यावर तिनेही फोन ठेवला. चौथ्याने तर पहिली रिंग वाजताच काकांचा नंबर अडवून टाकला; दुसऱ्याने तिसऱ्या घरी आणि तिथून चौथ्याला कोणी कळवलं असावं, असं काकांना वाटायला लागलं. तीस वर्षं ज्या माणसाने बाजारभावात एक पैशाची लबाडी केली नाही, तो तासाभरात चारचौघांत भामटा ठरला होता. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांना वाटत होतं ते हे की प्रत्येक फोन ठेवल्यानंतर तिकडे कोणीतरी उठत असेल, काठी हातात घेत असेल आणि आतल्या खोलीत जात असेल.

"इकडे द्या," काकू म्हणाल्या. हात पॉलिशने तांबडे झालेले, तशाच हातांनी त्यांनी फोन घेतला. "पैशाचं नाव काढू नका. कोणी आपणहून पैसे द्यायला लागला की माणूस आधी खिसा चाचपतो."

आणि पुन्हा पहिला नंबर लावून त्या म्हणाल्या, "हे बघा, फोन ठेवायचा तर ठेवा, पण आधी एक ऐका. ती काठी आत्ता बाजूला ठेवा. मुठीखाली चीर आहे. ज्यांची असेल त्यांना उठू देऊ नका. बस, एवढंच. मी ठेवते."

त्या खरंच फोन ठेवणार होत्या. पण पलीकडून आवाज आला, "थांबा, थांबा. कुठली चीर?"

त्यानंतर काम सरळ झालं. ओटीपीवाल्याने काठी उन्हात धरून बघितली आणि त्याला चीर दिसली. तो एवढा घाबरला की वडिलांना आता बाथरूमलासुद्धा खुर्चीवरून उचलूनच नेणार, असं त्याने सांगितलं. नंबर अडवणाऱ्या चौथ्याला सुनेने आपल्या फोनवरून निरोप पाठवला. सदुसष्टवाल्यांनाही कळवून टाकलं. ते हसून म्हणाले, "चीरबीर आम्हाला माहीत नाही हो. वडिलांना रंग आवडला नाही. म्हणाले या रंगाने मी म्हातारा दिसतो." वडील ब्याऐंशी वर्षांचे होते. त्यांच्या नटवेपणाने एवढी माणसं वाचत होती, याची त्यांना कल्पना नव्हती.

दुपारी एकपर्यंत दहा जण सापडले. अकराव्याचा फोन वाजत होता, कोणी उचलत नव्हतं.

"बहात्तर नंबर," सून म्हणाली. "याच शहरात आहेत. बाई आहेत." मग ती थांबली.

"वाच."

"पत्त्याखाली लिहिलंय. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बेल वाजवून थांबावे, मला दारापर्यंत यायला वेळ लागतो."

"आणि?"

"आणि काही नाही."

"काहीतरी आहे. तुझा चेहरा सांगतोय."

सुनेने फोन त्यांच्यापुढे धरला. त्या बाईंनी काठीबद्दल ऑनलाइन अभिप्राय लिहिला होता, पाच तारे. दोन आठवड्यांपूर्वी तो वाचून काका दिवसभर खुशीत होते. आता त्यांना तो पुन्हा वाचवेना. 'सहा महिन्यांनी घराबाहेर पडले. आता रोज जिना उतरते. अंगाचा सगळा भार टाकला तरी काठी हलत नाही.'

काकांनी चपला घातल्या. काकूंनी त्यांच्या शर्टावरचा भुसा झटकला, तो झटकण्यासारखा नव्हता तरी.

बसने तासभर लागतो म्हणतात, त्या दिवशी सव्वा तास लागला. एका सिग्नलवर ड्रायव्हरने खिडकीतून शेजारच्या ड्रायव्हरशी घरच्या गळक्या नळाबद्दल सविस्तर बोलून घेतलं. काकांनी दर पाच मिनिटांनी फोन लावला. वाजत होता. माणूस घरात पडलेला असला तरी फोन वाजतोच, हा विचार त्यांच्या डोक्यात एकदा शिरला तो उतरायचा थांबा येईपर्यंत निघाला नाही.

इमारत जुनी, चार मजली. जिना अरुंद, दगडी पायऱ्यांचा, मधोमध झिजलेल्या. काका पहिल्या पायरीवर पाय ठेवणार तोच वरून दाराला कुलूप घातल्याचा आवाज आला. मग क्षणभर शांतता. मग टक.

हा आवाज काकांना झोपेतही ओळखता आला असता. त्यांच्याच काठीच्या रबरी टोपणाचा, दगडावरचा. एक टक, मग एक पाऊल, मग दुसरं पाऊल. पुन्हा टक.

पहिली ऊर्मी ओरडायची होती. पण पायरी उतरणाऱ्या माणसाला खालून ओरडलं तर तो दचकतो, आणि दचकला की काठीवर रेलतो. काकांनी तोंड मिटलं आणि चढायला सुरुवात केली. पहिला मजला त्यांनी कसा पार केला ते त्यांना सांगता येणार नाही. दुसऱ्या मजल्यापर्यंत श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. वळणावर आले आणि वर बघितलं.

जिन्याचा कठडा तिथून पुढे नव्हताच. भिंतीतल्या लोखंडी खुंट्या तेवढ्या उरल्या होत्या. आठ पायऱ्या वर एक ठेंगणी, स्थूल बाई उभी होती. इस्त्रीचे कपडे, खांद्याला पर्स, चष्मा दोरीने गळ्यात. दोन्ही हात एकावर एक मुठीवर, सगळा भार काठीवर.

"आजी," काका शक्य तितक्या हळू म्हणाले, "तिथंच थांबा."

"कोण आजी?" बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यासाठी एक हात काढला, भार दुसऱ्या हातावर गेला. "तुमचं वय काय?"

"चौसष्ट."

"मी शहात्तर. मग मी तुमची आजी कशी? हिशेब नको?"

"चुकलं. बाई, भिंतीला टेका."

"का? कोण तुम्ही? कुरिअरवाले?"

"काठीवाला. तुमच्या हातातली काठी मी बनवली."

"अस्सं." बाईंचा चेहरा निवळला. "चांगली आहे हो. मी लिहिलंय तसं."

"ती परत न्यायला आलोय."

चेहरा पुन्हा आवळला. "मी परत केलेली नाही."

"मला माहीत आहे."

"परत करायचा हक्क गिऱ्हाइकाचा असतो. आणि तुमची मुदत तीस दिवसांची. मला काठी मिळून आज चौतीस दिवस झाले. मी पोस्टात काउंटरवर छत्तीस वर्षं काढलीत, मला नियम सांगू नका." रागाने त्या पुढे वाकल्या, आणि जितक्या रागावल्या तितक्या काठीवर रेलल्या.

काकांना कळलं की आपण वाद घातला तर या बाईला आपणच पाडणार. त्यांनी वाद सोडला. भिंतीकडेने एकेक पायरी चढत ते त्यांच्या खाली दोन पायऱ्यांवर आले आणि तिथेच, पाठ खालच्या बाजूला करून, आडवे बसले. बाई पडल्याच तर दगडावर पडणार नाहीत एवढी व्यवस्था झाली.

"हे काय? बसलात का?"

"दम लागला. बाई, एकच विचारतो, मग जातो. भार टाकताना काठीतून आवाज येतो का? बारीक, काडी मोडल्यासारखा?"

बाईंनी मुठीकडे बघितलं.

"येतो का?"

"आवाज येतो," त्या म्हणाल्या. "परवापासून. पण तो माझा गुडघा आहे."

"कशावरून?"

"अहो, म्हणून तर चालले आहे. डॉक्टरांची वेळ घेतलीय साडेतीनची. मला वाटलं गुडघा वाजतोय, आता हाही गेला."

"गुडघा नाही," काका म्हणाले. "माझी चूक वाजतेय. भिंतीला पाठ लावा. आता हळूच भार पायांवर घ्या. हं. ती खुंटी धरा. आता काठी सोडा माझ्या हातात."

मूठ सुटायला वेळ लागला. सहा महिन्यांनी घराबाहेर काढणारी वस्तू माणूस एका अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून चटकन सोडत नाही. शेवटी सुटली. काकांच्या हातात काठी आली आणि त्यांच्या पाठीवरून घामाची एक धार सरळ खाली गेली.

"दाखवा," बाई म्हणाल्या.

"काय?"

"तुम्ही म्हणता म्हणून मी मान्य करायचं का? तोडून दाखवा."

काका उठले, काठी रोवली आणि तीस वर्षं लंगडत होते तसे तिच्यावर रेलले. काही झालं नाही. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. काका पुन्हा रेलले. काठी ताठ.

"चांगली मजबूत आहे," बाई थंडपणे म्हणाल्या.

तिसऱ्यांदा काकांनी पाय उचलला आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. खाडकन आवाज झाला, मूठ त्यांच्या हातात राहिली, दांडा घरंगळत सहा पायऱ्या खाली गेला आणि वळणावरच्या भिंतीवर आपटून थांबला. काका पुढे झुकले ते बाईंनी कॉलर पकडली म्हणून वाचले.

दोघंही त्या दांड्याकडे बघत राहिले.

"बसते जरा," बाई म्हणाल्या. काकांनी हाताला धरून त्यांना पायरीवर टेकवलं आणि स्वतः शेजारी बसले. खालच्या मजल्यावर कोणीतरी भांडी घासत होतं.

"म्हणजे माझा गुडघा बरा आहे," बाई शेवटी म्हणाल्या.

"तसं दिसतंय."

"डॉक्टरांचे पैसे वाचले." पर्समधून रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं. "फोन तुमचाच वाजत होता का दुपारपासून? मी उचलला नाही. अनोळखी नंबर होता, म्हटलं कोणीतरी पैसे द्यायचं सांगणार."

"ते तर सुनेने सकाळीच पाठवलेत परत."

"कोणी सांगितलं पाठवायला? चौतीस दिवस झालेत."

"राहू दे बाई."

"राहू कसं दे? निदान चहा तरी घेऊन जा."

काकांचा फोन वाजला. काकू होत्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही, नुसतं, "सापडल्या?"

"सापडल्या. बसल्यात शेजारी."

पलीकडे काकूंनी सोडलेला श्वास बाईंनाही ऐकू गेला. त्यांनी हात पुढे करून फोन मागितला. "नमस्कार. तुमचे मिस्टर ठीक आहेत. थोडे वेंधळे आहेत, आत्ता जिन्यावरून पडत होते, मी धरलं. हो. हो, चहा देते. नाही, साखर कमीच देते."

मग काकांच्या खांद्यावर हात ठेवून बाई उठल्या. तीन पायऱ्या वर जायला दोघांना पाच मिनिटं लागली. दारात पोचल्यावर काका म्हणाले, "नवी काठी उद्या सकाळीच आणून देतो."

"उद्या नको," बाई कुलूप उघडत म्हणाल्या. "घाईने बनवलेली पुन्हा मला नकोय. आठ दिवस लावा. तोवर मी घरातल्या घरात भिंत धरून फिरते. भिंत परत न्यायला तरी कोणी येणार नाही."